कोरडी गोधडी

त्या हिवाळ्यात तलासरीच्या अलीकडच्या पाड्यांवरची माणसं जमिनीला भिऊ लागली. आजवर ती फॉरेस्टच्या शिपायाला भ्यायली होती, सापाला भ्यायली होती, दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला तर रोजच भ्यायची. पण ज्या जमिनीत भात लावला, ज्या जमिनीवर पोरं रांगली, ती जमीन अशी कधी अंगावर आली नव्हती. भाताची झोडणी चालू होती त्या दिवसांत एका संध्याकाळी ती पोटातून गुरगुरली आणि चुलीवरचं पातेलं आपोआप सरकलं. कोणी म्हणालं हायवेवर ट्रेलर उलटला असेल, कोणी म्हणालं खाणीत सुरुंग उडवला असेल. मग रोजच गुरगुर सुरू झाली, आणि 'भूकंप' हा टीव्हीतला शब्द पाड्यात राहायला आला. आला तो घरजावयासारखा, जायचं नावच घेईना.

जयवंतीच्या घरी मात्र भीती आधीपासूनच मुक्कामाला होती. तिची पोर नवशी दोन वर्षांची असताना एका सकाळी तिच्या हातापायांची बोटं वांग्यासारखी सुजली होती. मुंगळा चावला असेल म्हणून जयवंतीने हळद लावली. पोर दोन दिवस किंचाळत राहिली तेव्हा दवाखान्यात नेली, आणि रक्त तपासून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, म्हणाल्या. मग त्या एकमेकींत अडकतात, रक्त पुढे जात नाही, आणि जिथे जात नाही तिथे दुखतं. औषधाने ताब्यात राहतं, बरं होत नाही.

"आमच्यात कोणाला नाय असलं," जयवंती म्हणाली होती.

"तुमच्यात आहे. तुमच्यात अर्धं, ह्यांच्यात अर्धं. तुम्हाला दोघांना त्याचा त्रास नाही. हिला दोन्ही अर्धी मिळाली."

'हे' म्हणजे मिथुन, जयवंतीचा नवरा. माडासारखा उभा गडी, नरपडच्या चिकूवाडीत दिवसभर झाडावर असायचा आणि आयुष्यात कधी तापाने निजला नव्हता. ते ऐकून तो आपल्याच हातांकडे बघत राहिला. लग्नानंतर बरेच दिवस पाळणा हलला नाही म्हणून त्याच्या आईने, बायजीने, महालक्ष्मीला नवस केला होता आणि पोर झाली तेव्हा तिचं नावच नवशी ठेवलं होतं. मागून घेतलेलं पोर, आणि आईबापांनी तिला दिलं काय, तर अर्धी अर्धी खोट. जयवंतीला हे कधी गिळता आलं नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं: थंडीपासून जपा, जास्त दमू देऊ नका, ताप आला तर घरी बसू नका, छातीत दुखलं तर एक क्षणही थांबू नका. आणि पाणी भरपूर प्यायला द्या, दिवसभर. जयवंतीने सगळं ऐकलं, सगळं केलं. पण भीती असते मोठी आवडीनिवडीची. ऐकलेलं सगळं ती सारखंच धरून ठेवत नाही. मागच्या वर्षी पौषात नवशी पोरांबरोबर ओढ्यात उतरली, चिंब होऊन आली आणि त्याच रात्री तिच्या पायांत जे उठलं ते जयवंतीने डोळ्यांनी पाहिलं. पोर आईचा हात चावत होती. त्या दिवसापासून जयवंतीला एकच वैरी माहीत होता, थंडी. बाकीच्या गोष्टी तिच्या मनात मागच्या रांगेला जाऊन बसल्या.

घरही त्या वैऱ्याशी लढायलाच बांधलं होतं. आधीचं घर कुडाचं, कारवीच्या काठ्या आणि त्यावर शेणमातीचा लेप. फटीफटीतून वारा शिरायचा. मिथुनने ते पाडून विटांचं उभं केलं. त्या ओळीत विटांचं घर तेच पहिलं. बायजी तेव्हा कुरकुरली होती, कुडात काय वाईट होतं म्हणून. पण सुनेने आणि लेकाने ऐकलं नाही. आता भिंतीला दाराच्या वरून खिडकीपर्यंत भेग गेली होती आणि तिच्यात बोट शिरत होतं. म्हातारी त्या भेगेपाशी उभी राहायची, काही बोलायची नाही. तिचं न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट होतं.

"धरतरी कूस बदलते," एवढंच ती म्हणाली एकदा. "तिचं पण अंग दुखत असंल."

"कूस बदलायला तिला आपलाच पाडा गावला?" जयवंती खेकसली. "आत्या, तुम्ही तिकडं देवाजवळ बसा नि तिला सांगा, नीज म्हणावं गुमान."

मग साहेब आले, जीप आल्या, मोजायचं यंत्र आलं, आणि सगळ्यांनी एकच सांगितलं: घरात झोपू नका. काही तंबू आले, बाकीच्यांनी ताडपत्र्या बांधल्या. पाड्यातली माणसं अंगणात, खळ्यात, शेताच्या बांधावर आली. पोरांना तर जत्राच वाटली. जयवंतीला मात्र कळेना, नवशीला निजवावं कुठे. आत ठेवावं तर भिंत पडेल, बाहेर ठेवावं तर थंडी पडेल. भिंत पडेल की नाही ते कोणाला ठाऊक नव्हतं. थंडी मात्र रोज पडणार होती, डोंगरावरून उतरून, अगदी वेळेवर.

तिने मिथुनला फोन लावला. तो आठवडाभर वाडीतच राहायचा, शनिवारी यायचा.

"बाहेर निजव," तो म्हणाला. "भिंतीचा भरवसा नाय. मीच बांधलीय, मला म्हायती हाय."

"आन हीव लागलं तर?"

मग तो म्हणाला, "पांघरूण जास्त घाल," आणि दोघांनाही ठाऊक होतं की हे उत्तर नव्हे.

जयवंतीने तंबूत ढोपरभर पेंढा पसरला, त्यावर चटई, त्यावर दोन गोधड्या. नवशीला स्वेटर, त्यावर बापाचा शर्ट, मोजे, माकडटोपी. पोर एवढीशी, आणि कपडे घालून झाले की हातसुद्धा खाली यायचे नाहीत. "आई, मी बुजगावणं झाले," ती हसून म्हणायची. जयवंतीला हसू यायचं नाही. ती पोरीच्या टोपीत बोट घालून कान गरम आहेत का बघायची, मोज्यात हात घालून तळवे चाचपायची, आणि पोर झोपली तरी चाचपतच राहायची.

चार-पाच दिवस बरे गेले. मग एका पहाटे नवशी तंबूच्या तोंडाशी उभी दिसली, दात वाजत होते. गोधडी ओली होती, पेंढ्यापर्यंत. सिकलसेलच्या पोरांना लघवी जास्त होते, रात्री आवरत नाही, हे दवाखान्यात सांगितलेलं. विटांच्या घरात त्याचं काही वाटत नव्हतं. गोधडी बदलायची नि झोपायचं. इथे ओल्या गोधडीवर दंव उतरलं होतं. जयवंतीने पोरीचे कपडे ओढून काढले, आपल्या लुगड्यात तिला उघडी गुंडाळली आणि चुलीपुढे बसून तिच्या मांड्या, पोटऱ्या, पावलं चोळत सुटली. चोळताना ती रडत होती. आवाज होऊ दिला नाही, म्हणून पोरीला कळलं नसेल असं तिला वाटलं.

बायजी चुलीत काटक्या सारत होती. "एवढं पानी पाजतीस," ती म्हणाली, "पोर मुतंल नाय तर काय करंल?"

म्हातारी सहज बोलून गेली; पण बुडत्याला काडीचा आधार. जयवंतीला ती काडी नव्हे, होडीच वाटली. हे तर तिच्या हातातलं होतं! जमिनीला थांबवता येत नव्हतं, थंडीला थांबवता येत नव्हतं. पाणी थांबवता येत होतं.

त्या दिवसापासून घरात कायदा झाला: दिवे लागले की पाणी नाही. नवशीने तहान लागली म्हटलं तर, "आता सकाळी." मग दिवेलागणीचं अलीकडे सरकून दुपार झाली. शाळेतून आल्यावर घोटभर, बस्स. भाकरी घशात अडकली तर आणखी एक घोट. दिवसा शाळेत पीतच असेल की, असा जयवंतीने हिशेब केला. सकाळी ती स्वतः बाटली भरून दप्तरात घालायची, आणि संध्याकाळी ती बाटली रिकामी परत यायची.

आणि गोधडी कोरडी राहू लागली. पहाटे उठल्याबरोबर जयवंती पोरीच्या खाली हात घालायची, आणि हाताला कोरडं, उबदार कापड लागलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. "शहाणी गो माझी बाय ती!" म्हणून ती नवशीला इतकी आवळायची की टोपी डोळ्यांवर यायची. शेजारणींना सांगायची, माझी पोर एक दिवस गोधडी भिजवत नाही. नवशी अशा वेळी मान खाली घालून हसायची. तिच्या ओठांची सालं निघत होती, हिवाळ्यात निघतातच. डोळे जरा पिवळे दिसायचे. चुलीचा धूर असेल. दिसत सगळं होतं. पण मनाने ठरवलं की डोळेही त्याचंच ऐकतात.

आशाताई निर्मला दर आठवड्याला गोळ्या द्यायला यायची. तंबू तंबू हिंडून तिचे पाय दुखत असायचे.

"पाणी पिते ना गो नवशी?"

"पिते," जयवंती म्हणाली.

"भरपूर?"

"हो गो. पिते की." असं म्हणून जयवंतीने पेंढ्यातली काडी उचलून उगाच मोडली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलं नाही. आपण पोरीला थंडीपासून वाचवतोय, आणि हे निर्मलाला समजावत बसायला वेळ नाही, एवढंच वाटलं.

मोठा धक्का आला तो दुपारी. जयवंती शेतात वालाच्या शेंगा तोडत होती. आधी कुत्री ओरडली, मग जमिनीने तिला खालून असा हिसका दिला की ती गुडघ्यांवर पडली. पाड्याच्या बाजूने कौलं पडल्याचा आवाज आला, खळ्ळकन, आणि मग बायकांचा आरडाओरडा. जयवंती उठली ती शाळेकडे. पायात चप्पल नव्हती, हातातल्या शेंगा हातातच होत्या. शाळा बाहेरच भरत होती, आंब्याखाली, वरून पडायला काही नाही, हे तिला माहीत होतं. पण माहीत असण्याचा आणि पायांचा काही संबंध नव्हता.

पोरं मैदानभर पांगली होती, काही रडत, काही उड्या मारत. सुषमाबाई, शाळेच्या शिक्षिका, एकेकाला धरून मोजत होत्या. आंब्याखाली एकटी नवशी बसली होती.

"घाबरलीय फार," सुषमाबाई धापा टाकत म्हणाल्या. "ऊठ म्हटलं तर उठत नाही. सगळी पळाली, ही जागची हलली नाही."

जयवंतीने खाली बसून पोरीच्या गुडघ्याला हात लावला. नवशी ओरडली नाही. तिने खालचा ओठ दातांत धरला, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आई असल्या गोष्टीत फसत नाही. हे भेदरलेल्या पोराचं रडणं नव्हतं. हे ते होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"सकाळपासून."

"मग बोलली काहाला नाय?"

जयवंतीने तिला उचलली. पोर हातात हलकी लागली, आणि गरम.

पाड्यावर सगळं उलटंपालटं होतं. तिच्या घराची मागची भिंत अर्धी आडवी झाली होती आणि बायजी अंगणात त्या ढिगाकडे पाठ करून बसली होती. तिने नातीला बघितलं आणि मीठमोहऱ्या आणायला उठली. भेदरलेल्या पोराचं भय उतरवतात तसं. जयवंती थांबली नाही. तिने मिथुनला फोन लावला, लागेना. सगळं डहाणू एकाच वेळी फोन करत होतं. पाड्यातल्या झिपरूची जीप रस्त्याला लागत होती, आत एका बाईच्या डोक्याला कौल लागलेलं, ती पदर दाबून बसलेली. झिपरूने नवशीकडे बघितलं आणि न बोलता पुढची सीट मोकळी केली.

"माझ्या मिथुनला निरोप धाड कोणाकडून," जयवंती म्हणाली. "नरपडला. वाडीत."

"रस्त्यात जो भेटंल त्याला सांगतो. तू पोरीला धर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं घराबाहेर येऊन उभी होती, वाटेतल्या आशागड गावापर्यंत अशीच. जीप खड्ड्यात आदळली की नवशीच्या तोंडून बारीक आवाज निघायचा, आणि प्रत्येक वेळी जयवंतीला वाटायचं की पुन्हा जमीनच हलली. छातीत दुखलं तर एक क्षणही थांबू नका. ते वाक्य तिच्या डोक्यात फिरत होतं. दर वळणावर ती पोरीच्या कानाशी तोंड नेऊन विचारायची, "छातीत नाय ना दुखत?" नवशी मान हलवायची, नाही. "खरं सांग." नाही. "शपथ?" मग तर पोरीने डोळेच मिटले, आणि ते बघून जयवंतीने देवीला, धरतरीला, मेलेल्या बापाला, ज्याला ज्याला आठवेल त्याला हाक मारली. भिंत पडून पोर गेली असती तर जमिनीला शिव्या दिल्या असत्या. थंडीने गेली असती तर थंडीला. पण थंडी तर लागली नव्हती. एक दिवस लागू दिली नव्हती. मग हे कशाने? हा प्रश्न तिच्या पोटात उठला आणि तिने तो तिथेच दाबला, कारण उत्तर त्याच्या पाठोपाठ वर येताना तिला दिसत होतं.

दवाखान्यात खाटा व्हरांड्यात आणल्या होत्या. डॉक्टरीणबाई दुसऱ्याच होत्या, तरुण, केस विस्कटलेले. त्यांनी आधी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"छाती बरी आहे," त्या म्हणाल्या. मग पोट दाबून बघितलं, डोळ्याची पापणी ओढून बघितली. "थंडी लागली का हिला? तंबूत झोपता ना?"

"नाय. सगळं घालते. टोपी, मोजे, दोन गोधड्या."

"ताप आधीपासून होता?"

"नाय."

"पाणी किती पिते?"

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, घसा सुकलेला, चिरका.

"मला तहान लागत नाय," नवशी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला जीभ दाखवायला सांगितली. जीभ खरखरीत, पांढरी. त्यांनी सिस्टरला सलाईन आणायला सांगितलं आणि जयवंतीकडे बघितलं, रागाने नव्हे, वाट बघत. जयवंतीला आयुष्यात इतकं जड काही उचलावं लागलं नव्हतं, भाताचा भारासुद्धा नाही.

"मी बंद केलं," ती म्हणाली. "गोधडी भिजायची. भिजली की हिला हीव लागंल, म्हणून. दुपारनंतर पाणी बंद केलं मी. ती खोटं बोलते, बाय. तहान लागते तिला. मी देत नाय."

बोलताना तिला वाटलं, आता ह्या बाईने आपल्या थोबाडीत मारावी. मारली असती तर बरं झालं असतं. पण डॉक्टरीणबाई नवशीच्या हातात शीर शोधत होत्या. "पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं," त्या खाली बघूनच म्हणाल्या. "थंडीइतकंच वाईट ते. तुम्ही घाबरलात, मला कळतं." शीर सापडली, सुई गेली, थेंब पडू लागले. मग त्या थांबल्या. "पण ही फार कोरडी पडलीय हो. नुसतं दुपारनंतर बंद करून इतकी नाही पडायची. सकाळी शाळेत तर पीत होती ना?"

"बाटली रिकामी यायची," जयवंती म्हणाली.

दोघींनी खाटेकडे बघितलं. नवशी छताकडे बघत होती.

"आंब्याला घालायचे," ती शेवटी म्हणाली.

"काय गो?"

"पानी. बाटलीतलं. आंब्याच्या बुडाला घालायचे मी." सुई लागलेला हात तिने जपून पोटावर ठेवला. "दिवसाचं प्यायलं तरी रातचं येतं ना. मग गोधडी वली होते. आई रडते. चुलीजवळ रडत होती, मी बघितलं."

जयवंती खाटेच्या कडेला बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की भीती आपण एकटीने पाठीवर घेतलीय आणि पोर खाली मोकळी खेळतेय. आणि पोर मात्र रोज मधल्या सुट्टीत आंब्यामागे जाऊन, सुकलेल्या घशाने, बाटली उलटी करत होती; आईला रडू येऊ नये म्हणून. सात वर्षांची पोर. रोज सकाळी 'शहाणी गो माझी बाय' म्हणून तिला आवळलं होतं ना? त्या शहाणपणाची ही किंमत. दुखायला लागल्यावरही ती सकाळपासून गप्प बसली ती ह्याच शहाणपणाने.

मिथुन आला तेव्हा त्याच्या शर्टाला चिकूचा चीक तसाच होता. निरोप कोणीतरी पोहोचवला होता. कसा, ते कोणी विचारलं नाही. जयवंतीने त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. तो पोरीच्या पायांशी उभा राहून ऐकत राहिला.

"मी विटांचं बांधलंच नसतं तर," तो म्हणाला, "तुम्ही तंबूत निजला नसता."

"तुझं काय मध्येच? पाणी मी बंद केलं."

"भिंत कोणी बांधली?"

दुसरी वेळ असती तर दोघं आपापली चूक मोठी म्हणून भांडत बसले असते. सिस्टरने मिथुनच्या हातात चिठ्ठी दिली आणि रक्ताची बाटली राखून ठेवायला पाठवलं. लागेल की नाही ते सकाळी ठरणार होतं. निम्मं संकट टळलं होतं आणि निम्मं खाटेजवळ उभं होतं. "छातीवर लक्ष ठेवा," डॉक्टरीणबाई जाताना म्हणाल्या. "आणि नुसत्या सलाईनवर राहू नका. तोंडानेही पाणी द्या, थोडं थोडं, सारखं."

जयवंतीने स्टीलचा पेला भरून आणला आणि तेवढ्यात पुन्हा धक्का आला.

फार मोठा नव्हता. पण दुपारचा मोठा धक्का सगळ्यांच्या अंगात अजून होता, आणि व्हरांडा एका क्षणात मोकळा झाला. चालता येणारे पळाले, ज्यांना येत नव्हतं त्यांना नातलगांनी ओढलं, डोक्याला कौल लागलेली ती बाईसुद्धा पदर सोडून पळाली. सलाईनची बाटली दांडीवर झुलू लागली. जयवंतीला सुई काढता येत नव्हती आणि पोरीला उचलता येत नव्हतं. ती नवशीवर ओणवी झाली, दोन्ही हात खाटेच्या दांड्यांवर रोवून, पाठ छताकडे करून. तिचे दात एकमेकांवर आपटत होते. खालून नवशी तिच्याकडे बघत होती. ती छताकडे बघत नव्हती, झुलत्या बाटलीकडे बघत नव्हती. आईच्या तोंडावरून तिने नजर हलवली नाही. जयवंतीने तोंड सरळ करायचा प्रयत्न केला. जमला नाही.

थांबलं. माणसं एकेक करून परत येऊ लागली, ओशाळं हसत. पेला खाली सांडला होता. जयवंतीने जाऊन पुन्हा भरून आणला. पोरीच्या मानेखाली हात घालून तिला जरा उठतं केलं.

"पी."

नवशीने पेल्याकडे बघितलं, मग अंगाखालच्या दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीकडे.

"वली झाली तर?"

"होऊ दे."

"घरी पण? तंबूत?"

"तंबूत पण. दुसरी घालू. ती झाली तर बापाचं धोतर घालू, आजीचं लुगडं घालू. पी तू."

"आन तू रडलीस तर?"

नाही रडणार, असं जयवंतीच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ही पोर तिचं तोंड तिच्यापेक्षा चांगलं वाचत होती. खोटं बोललं असतं तर ते तिने आंब्याच्या बुडाशी नेऊन ओतलं असतं.

"रडेन," जयवंती म्हणाली. "मला भ्या वाटतं गो, मग रडू येतं. आता पण येतंय, बघ. रडून रडून मी मरत नाय. पाण्यावाचून तू मरशील. माझं रडणं माझं मी बघते. तू पी."

नवशीने तिच्या ओल्या गालांकडे बराच वेळ बघितलं, खरं आहे का ते तपासल्यासारखं. मग मोकळ्या हाताने पेला धरला आणि प्यायली. घोट घोट सांगितलं होतं, पण ती गटागटा प्यायली, हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून फ्रॉकवर सांडत, श्वाससुद्धा न घेता.

"अजून दे," ती म्हणाली.